न लागलेला खडा

काल्याचं कीर्तन संपलं, हंडी फुटली आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. मी हळूच पुढच्या रांगेत सरकलो. शर्टाची वरची गुंडी लावली. नाव पुकारल्यावर वाट अडू नये म्हणून शेजारच्या काकांना पाय जरा आखडून घ्यायला सांगितलं.

‘काहून, लघवीले जायचं काय?’ काकांनी विचारलं.

‘नाही. सत्कार आहे.’

‘कोनाचा?’

‘ऐकाल आता,’ मी म्हणालो.

त्या सप्त्यात मी सात रात्री तुरीची दाळ निवडली होती. आमच्या धामणगाव बढ्यात सप्ते बरेच होतात, हा कोणता ते सांगत नाही. कमिटीवाले रोज भेटतात. सप्त्याची दाळ दुकानातून पोत्यानं येत नाही. घरोघर फिरून शिधा जमा होतो. कोणी गहू देतं, कोणी दाळ, कोणी तेलाची पिशवी. दाळ घरची असते, म्हणजे तिच्यातले खडेही घरचे. कमिटीनं माझ्या चष्म्याचा नंबर पाहिला आणि म्हटलं, ‘तुमाले बारीक दिसत असन.’ वास्तविक मला बारीक दिसत नाही म्हणूनच चष्मा आहे. पण देवाच्या कामात वाद घालू नये.

दाळ निवडणं म्हणजे काय, हे ज्यानं निवडली त्यालाच कळतं. काळा खडा प्रामाणिक असतो, समोर येऊन उभा राहतो. पांढराही फार त्रास देत नाही. लबाड असतो तो पिवळा, मुरमाचा. रंग दाळीचा, आकार दाळीचा; एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर, जणू तुरीच्याच शेंगेतून निघाला. तो डोळ्याला सापडत नाही, बोटाला सापडतो. दाळ बोटाला कोमट लागते, खडा गार. रात्री दोन वाजता मंडपातल्या एका बल्बाखाली परात घेऊन बसलं की हे ज्ञान होतं. त्या वेळी जागे आम्ही तिघं : मी, वीणेचा पहारा असलेला एक भाऊ आणि एक कुत्रं. भाऊ वीणा घेऊन उभा, मी बसलेला, आणि कुत्रं आमच्यातलं कोण आधी पेंगतं ते पाहत पडलेलं.

तर आभार सुरू झाले. देणगीदारांचे झाले. मंडपवाल्यांचे झाले. जागा देणाऱ्याचे, पाण्याचा टँकर देणाऱ्याचे, टँकर ज्या रस्त्यानं आला तो रस्ता ज्यांनी मंजूर केला त्यांचे झाले. मग माइकवाल्या भाऊंना शाल आणि श्रीफळ. सात दिवस त्यांनी जे केलं ते मी कानानं ऐकलं होतं : ‘हॅलो, हॅलो, चेक, वन, टू, थ्री.’ चारपर्यंत ते एकदाही गेले नाहीत. पण जे केलं ते सगळ्या गावानं ऐकलं, हे खरं.

शेवटी निवेदक म्हणाले, ‘आणि ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी सहकार्य केलं, त्या सर्वांचे आभार!’

मी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही अज्ञात.

काकांनी पाय पुन्हा लांब केले.

पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. गाव जेवलं, आजूबाजूची खेडी जेवली. एकाच्याही दाताखाली खडा आला नाही. आणि घोळ नेमका तिथंच झाला. खडा लागला तर माणूस ‘आई गं’ म्हणतो, गाल धरतो, स्वयंपाक्याच्या सात पिढ्या काढतो. खडा नाही लागला तर तो आणखी वरण मागतो. माझं सात रात्रींचं काम म्हणजे जे घडलं नाही ते. त्याचा सत्कार कसा करणार? आणि शाल कोणाला पांघरणार, न लागलेल्या खड्याला?

तरी पुरावा होता. निघालेले खडे मी एका पितळी वाटीत साठवले होते. घरी येऊन ती वाटी ओट्यावर ठेवली.

‘हे काय आणलं?’ बायकोनं विचारलं.

‘माझं काम.’

तिनं वाटीत डोकावून पाहिलं. ‘बरं. पन मग ते वट्यावर नका ठेवू. उद्या कोनी साखर समजून चहात टाकन.’ आणि वाटी तुळशीपाशी नेऊन ठेवली.

खरं सांगायचं तर न दिसण्याचा हा रोग मला गावाकडूनच लागला असावा. कुठंही ‘धामणगाव’ म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, ‘हां, धामणगाव रेल्वे!’ ते अमरावती जिल्ह्यात. त्याच्या नावातच रेल्वे आहे. म्हणजे गाडी आली की नाव पुकारलं जाणार, फलाटावर पाटी असणार, खिडकीतून लोक वाचणार. आमचं धामणगाव बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, घाटाखाली. आम्हाला गाडी धरायची तर मलकापूर गाठावं लागतं. ‘धामणगाव बढे’ असं पूर्ण सांगितलं तर लोक विचारतात, ‘बढे म्हणजे?’ आणि मी म्हणतो, ‘म्हणजे रेल्वे नाही ते.’ माझ्या एका मामेसासऱ्यांनी लग्नाच्या पत्रिकेवर नुसतंच ‘धामणगाव’ छापलं होतं. त्या लग्नाला दोन पाहुणे अजून यायचे आहेत.

आभारप्रदर्शनाचं दुःख मी पुण्याच्या पुतण्याला फोनवर सांगितलं. तो संगणकाच्या कंपनीत आहे.

‘काका, तुमचा प्रॉब्लेम काम नाही. व्हिजिबिलिटी आहे. तुम्ही दिसत नाही.’

‘अरे, तुझी काकू म्हणते, घरात जिकडं वळावं तिकडं मीच दिसतो.’

‘तसं नाही. किती दाळ निवडली?’

खरं म्हणजे चाळीसएक किलो असेल. पण पुण्याला फोन होता, आकडा थोडा मोठा बरा दिसतो. ‘सत्तर किलो,’ मी म्हणालो.

‘मग हे कोणाला माहीत आहे? आमच्याकडं रोज सकाळी सगळे उभे राहून सांगतात, काल काय केलं, आज काय करणार.’

‘उभे राहून?’

‘हो. बसले की लांबतं.’

‘आणि काम कधी करता?’

तो म्हणाला की नेमकी त्याचीच मीटिंग आता सुरू होतेय, आणि फोन ठेवला.

मी विचार केला, पोरगं चुकत नाही. मी ज्या संस्थेत कारकुनी करतो तिथंही दरवर्षी एक फॉर्म येतो : वर्षभरात केलेली उल्लेखनीय कामे स्वतःच्या शब्दांत लिहा. मी अठरा वर्षं तिथं एकच शब्द लिहीत आलो, ‘नेहमीप्रमाणे’. माझ्या बाजूच्या टेबलावरचे सहकारी पुरवणी जोडतात. उन्हाळ्यात कूलरमध्ये बादलीभर पाणी ओततात ते त्यांच्या फॉर्ममध्ये असं येतं : ‘कार्यालयीन तापमान नियंत्रणासाठी जलपातळीवर सातत्यपूर्ण देखरेख.’ ती बादली भरून आणतो मी. यंदा त्यांना ‘अत्युत्कृष्ट’ मिळालं. मला शेरा मिळाला, ‘नेहमीप्रमाणे’.

आणि कंपन्या, संस्था कशाला, सरकारनंसुद्धा हे कधीच मान्य केलं आहे की नुसतं करून भागत नाही, सांगावं लागतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. पूर्वी शेतात काय उभं आहे ते तलाठी लिहायचा. कधी बांधावर येऊन, कधी झाडाखाली बसून अंतर्ज्ञानानं. आता शेतकऱ्यानं आपल्याच शेतात उभं राहायचं, मोबाइल काढायचा, गट नंबर, पीक, पेरणीची तारीख, पाणी विहिरीचं का पावसाचं हे सगळं भरायचं आणि उभ्या पिकाचा फोटो टाकायचा. फोटो गेला तर सातबाऱ्यावर पीक. नाही गेला तर डोळ्यांसमोर कमरेएवढी कपाशी डोलत असली तरी ती कागदावर नाही, आणि पुढं अनुदानाला, हमीभावाच्या खरेदीला माणूस खेटे घालत बसतो.

गेल्या खरिपात मी हे पुण्यकर्म करायला गेलो. बांधावर रेंज नव्हती. बाभळीजवळ रेंज होती, पण तिथं अ‍ॅप म्हणालं, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. मी आत गेलो. अ‍ॅपचं समाधान झालं, रेंज गेली. असं करत करत मी माझ्या वडिलोपार्जित शेतात घुसखोरासारखा पाऊण तास हिंडलो. शेवटी फोटो निघाला. त्यात अर्धा माझा अंगठा, पाव माझ्या टोपीची सावली आणि उरलेल्या जागेत एक कपाशीचं झाड.

शेजारचा शेतकरी बांधावरून पाहत होता. ‘काय करून राह्यले भाऊ?’

‘कपाशी आहे, असं सांगून राहिलो.’

‘कोनाले?’

‘सरकारले.’

‘अन् कपाशी काय म्हनते?’

पीक आलं तर असं ओरडायचं. आणि गेलं तरी ओरडायचंच. पीकविम्यात, गारपीट झाली, शेतात पाणी तुंबलं, तर ७२ तासांत कळवावं लागायचं. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडतात. पीक गेल्यावर तोवर तक्रार नोंदवून मोकळं व्हायचं. दुःखात गप्प बसण्याची सोय आता फक्त मोठ्या लोकांना उरली आहे.

आमची आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. ते सांगायची तिला हौस. त्या कामांतूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ साली, आपल्या महाराष्ट्रात. देशानं तो नंतर उचलला. तेव्हा मुकादम हजेरीपट घेऊन यायचा, नाव पुकारायचा, बाई ‘हाव’ म्हणायची, झालं. मग २०२३ च्या जानेवारीपासून देशभर रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून हजेरी लागू लागली. काम दिसलं पाहिजे, हा हेतू. पण माणूस मोठा हुशार प्राणी. २०२५ साली दिल्लीच्या ग्रामविकास मंत्रालयाला राज्यांना पत्र धाडावं लागलं की काही ठिकाणी लोक कामाचा फोटो न टाकता आधीच्या फोटोचाच फोटो काढून टाकताहेत. वाचून मला मनापासून समाधान वाटलं. खडी फोडायला जाणारी माणसं बाजूला राहिली आणि फोटोच एकट्यानं कामावर जाऊ लागला. तोही सकाळ-दुपार दोनदा.

तेव्हा मी ठरवलं, आता बोलायचं. आपली टिमकी आपण नाही वाजवली तर दुसरा कशाला हात दुखवून घेईल? ‘बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही’ हे आजोबांपासून ऐकत आलोय. त्याची खात्री करायला फार लांब जावं लागलं नाही. बाजाराच्या दिवशी दोन वांगीवाले शेजारी शेजारी बसले होते. एक पोरगा गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, ‘घ्या लोणी, घ्या लोणी!’ वांग्याला लोणी म्हणायला छाती लागते. शेजारी एक म्हातारी गप्प. तिची वांगी पाहिली, देठ हिरवेगार, अंगावर चकाकी. मी बराच वेळ तिच्याकडं कौतुकानं पाहिलं आणि पोराकडून दोन किलो वांगी घेतली. घरी चिरली तर प्रत्येक लोण्यात एकेक अळी. म्हणजे मी ज्या अन्यायाबद्दल रडत होतो, तोच दहा रुपये सुटे घेऊन करून आलो होतो.

पण मोहीम थांबवली नाही. पहिला प्रयोग घरापासून. सकाळी नळाला पाणी आलं, मी हंडा भरला आणि ओट्यावर ठेवत मोठ्यानं म्हणालो, ‘हंडा भरला!’

आतून आवाज आला, ‘मंग?’

‘नाही, म्हटलं कळावं.’

‘बाकीचे पाच कवा कळनार?’

दुसरा प्रयोग मोबाइलवर. घरासमोरची नाली स्वतः उपसली. फावडं हातात, पँट गुडघ्यापर्यंत, चेहरा राष्ट्रसेवेचा, असा फोटो काढून घेतला आणि स्टेटसला लावला. पुतण्यानं सांगितलं होतं, ठिकाण टाका, म्हणजे पुरावा राहतो. मी ‘धामणगाव’ लिहिलं, खाली नावांची रांग आली, मी पहिल्यावर बोट ठेवलं. तासाभरात अमरावतीच्या आत्याचा फोन.

‘काहून रे, इतक्या जवळ आला अन् घरी नाही आला? अन् रेल्वेच्या नाल्या तू काहून साफ करून राह्यला? नोकरी गेली काय?’

मी समजावलं की ते धामणगाव नाही, हे धामणगाव. आत्या म्हणाली, ‘काही लपवू नको.’ संध्याकाळपर्यंत तीन नातेवाइकांनी मला नोकरीसाठी ओळखी सांगितल्या. नालीबद्दल एकच प्रतिक्रिया आली, समोरच्या घरातून : ‘गाळ आमच्याकडं काहून टाकला?’

तिसरा प्रयोग बोलण्याचा. दाळीचा विषय कुठूनही निघू शकतो हे मला हळूहळू कळलं. पावसाचा विषय निघाला की तुरीचा निघतो, तुरीचा निघाला की दाळीचा. दातांचा निघाला तर सरळच रस्ता. कटिंगच्या दुकानात दाळ सत्तर किलोवरून एक क्विंटल झाली. एसटीच्या थांब्यावर सव्वा. पारावर दीड. आषाढीपर्यंत मी दोन क्विंटल दाळ निवडली होती, आणि त्यातली शेवटची पन्नास किलो तर वीज गेल्यावर अंधारात, नुसत्या बोटांनी.

एके दिवशी सप्त्याच्या कोठीचा हिशेब ठेवणारा गृहस्थ पारावर बसलेला होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘भाऊ, गावातून दाळ जमा झाली सव्वा क्विंटल.’

‘असेल,’ मी म्हणालो. ‘मग उरलेली कुठली?’

हा प्रश्न मीच विचारल्यामुळे बाकीचे थोडा वेळ गप्प होते. मग हसले ते पोळ्यापर्यंत हसत होते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गोठ्यात मी बैलाची खांदमळणी करत बसलो. तूप-हळद लावून त्याचा खांदा चोळताना मनात आलं, याचं बरं आहे. वर्षभर मान खाली घालून ओढतो, एक शब्द बोलत नाही, तरी वर्षातून एकदा त्याला रीतसर आवतण मिळतं, झूल मिळते, शिंगांना बेगड मिळते, पुरणपोळी मिळते. म्हणजे बैलालासुद्धा आभारप्रदर्शन आहे, तेही तोरणाखाली. मी हे बायकोला बोलून दाखवलं.

ती पुरण वाटत होती. म्हणाली, ‘त्याच्यासारखं वढा मंग.’

आणि एवढं म्हणून थांबली नाही. ‘गाडगेबाबा दिवसभर झाडत, रातच्याला कीर्तन करत. कीर्तनात कवा सांगितलं का त्यांनी, आज मी अमुक इतका कचरा काढला? लोकायलेच इचारत, तुमच्या घरात काय चालू हाय म्हनून.’

‘पण गाव झाडताना लोकांना ते दिसत होते ना,’ मी म्हणालो. ‘हातात खराटा, डोक्यावर खापर. लांबून ओळखू यायचे.’

‘तुमच्याही डोक्यावर ठेवू काय एक?’

मी विषय बदलून लोणारवर गेलो. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण, बायकोला खोडता येणार नाही असं. फार फार पूर्वी आकाशातून उल्का पडली, बेसॉल्टच्या खडकात जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचं गोल विवर पडलं. जगात बेसॉल्टमध्ये अशी विवरं मोजकीच. एवढं मोठं काम करून ते सरोवर गप्प पडून राहिलं. देवळं होती, पोथ्यांत नाव होतं, अभ्यासक येत-जात. पण टीव्हीनं काही दिवसरात्र दाखवलं नाही. २०२० च्या जूनमध्ये एकदम पाणी गुलाबी झालं. पाणी आटून खारटपणा वाढला, खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांचा रंग. आणि मग बघा! देशभर बातम्या, फोटो, चर्चा. त्याच वर्षी रामसर यादीतही नाव लागलं. ‘म्हणजे उल्का अंगावर पडून जे झालं नाही, ते रंग बदलल्यावर झालं,’ मी विजयी मुद्रेनं म्हणालो.

‘तुमी रंग कायचा लावता? होळीले अजून टाइम हाय,’ बायको म्हणाली, आणि वाटायला लागली.

मात्र माझ्या मोहिमेचा एक परिणाम झाला, तो मी धरलेला नव्हता. घरात लागण झाली. एक दिवस सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘चूल पेटली हो!’ मग ‘भाकर पयली झाली!’ मग ‘भाकर दुसरी, फुगली!’ अकरा भाकरींचं धावतं वर्णन मी दाढी करता करता ऐकलं. पोरगी म्हणाली, ‘मी दप्तर भरलं!’ पोरगा, त्याला सांगण्यासारखं काही सापडेना, तर म्हणाला, ‘मी उठलो!’ मी म्हणालो, ‘दाढी झाली!’ शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, ‘काय झालं व, बरं हाय ना सगळं?’

चार दिवसांत घरात सगळे बोलत होते आणि ऐकायला कोणी शिल्लक नव्हतं. पाचव्या दिवशी बायकोनं कौटुंबिक ग्रुपवर एक फोटो टाकला. घासलेली भांडी, उन्हात उपडी. खाली तारीख, वेळ, ठिकाण बरोबर धामणगाव बढे. ओळ एकच : ‘नेहमीप्रमाणे.’ त्याला अमरावतीच्या आत्यासकट सतरा अंगठे आले. माझ्या नालीला तीन होते, त्यांतला एक माझा.

यंदा सप्त्याच्या बैठकीला मी गेलो. कमिटीनं माझ्या दाळीच्या हकिकती वर्षभर ऐकल्या होत्या, त्यांनाही काही तोडगा काढायचाच होता. अध्यक्ष म्हणाले, ‘मागच्या साली कोनाकोनाचे नाव राह्यले, लय नाराजी झाली. यंदा एकही नाव राहाले नाही पाहिजे. अन् हे काम असा मानूस करन, ज्याले न पुकारल्याचं दुःख मालूम हाय.’

सगळे माझ्याकडं वळले. माझा ऊर भरून आला. यादी माझी, माइक माझा!

सात दिवस मी नावं गोळा केली. चप्पल सांभाळणारा, पत्रावळी उचलणारा, बॅटरी चार्ज करणारा, कीर्तनकारांना मलकापूरहून आणणारा, त्यांना परत सोडणारा. वीणेच्या पहाऱ्याचे सगळे, खास करून रात्री दोन ते चारचे. कोणी राहू नये म्हणून मी घरोघर फिरलो. लोक आपलं नाव सांगत, मग भावाचं, मग ‘जावई पुण्याले असते, पन त्यायचं मन इकडंच राह्यते’ असं करून जावयाचं. यादी दोनशे बारा नावांवर गेली. रात्री दोनला मी त्याच बल्बाखाली ती सुवाच्य अक्षरात उतरून काढत होतो. वीणेवाला भाऊ उभा. कुत्रं होतं. परात नव्हती.

काल्याच्या दिवशी मी उभा राहिलो. पंचावन्न मिनिटं वाचलं. पंधराव्या मिनिटाला बट्ट्या निवल्या. तिसाव्याला एक पोरगं रडायला लागलं. चाळिसाव्याला, ज्यांची नावं होऊन गेली होती ते घड्याळ पाहू लागले आणि ज्यांची बाकी होती ते त्यांच्याकडं रागानं. शेवटचा कागद उलटला आणि माझ्या ध्यानात आलं : दोनशे बारांत माझं नाव नाही. असणारही कसं? आभार मानणारा स्वतःचे आभार कसे मानणार? मी आशेनं अध्यक्षांकडं पाहिलं. त्यांनी मनगटावर बोट आपटून ‘आटपा’ अशी खूण केली.

मी आटपलं. ‘समस्त महिला मंडळाचेही आभार,’ असं शेवटी म्हणालो, आणि सवयीनं जीभ पुढं गेली, ‘तसेच ज्ञात-अज्ञात हातांचे.’

पंगत बसली. ‘पुंडलिक वरदे’ झालं. मी माइक खाली ठेवला, घाईत बंद करायचा राहिला. अध्यक्षांनी बट्टी वरणात कुस्करली, पहिला मोठा घास घेतला, आणि तो आवाज गावाच्या चारी कर्ण्यांवरून घुमला.

कट्ट!

तीन हजार माणसांनी एकदम मान वर केली. अध्यक्ष गाल धरून बसले होते. तेवढ्यात पलीकडून ‘आई गं’. मग माइकवाल्या भाऊंकडून. त्यांच्या आयुष्यातलं ते पहिलं वाक्य होतं, ज्यात ‘हॅलो’ नव्हतं.

‘दाळ कोनी निवडली यंदा?’ अध्यक्ष गरजले.

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. स्वयंपाकी म्हणाला, ‘आमाले काय मालूम? दाळ तं दरसाल निवडेलच असते!’

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी आजी उभी राहिली. मागच्या वर्षी दुपारच्या वेळी चारसहा बायांना घेऊन दाळ निवडायला तीच बसायची. यंदा तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला. तिनं हात माझ्या दिशेनं केला. माइक चालूच होता.

‘मांगच्या साली हा निवडे, रातभर. आमी दुपारी, हा राती. एक खडा कोनाले लागला नाही. लागला काय? सांगा!’

कोणी बोललं नाही. तीन हजार माणसं मला पाहत होती. अठरा वर्षांची कारकुनी, एक नाली, एक कपाशी आणि दोन क्विंटल दाळ, सगळं एकदम दिसू लागलं. मी शर्टाची वरची गुंडी लावली.

‘मंग यंदा काहून नाही निवडली?’ अध्यक्षांनी गाल धरूनच विचारलं.

‘आभाराची यादी करत होतो,’ मी म्हणालो.

संध्याकाळी घरी आलो. बायको आधीच आली होती, तुळशीला दिवा लावत होती. मी म्हटलं, ‘ऐकलं ना? आजी काय म्हणाली? सगळ्या गावासमोर?’

‘ऐकलं. अन् तुमची यादीबी ऐकली. दोनशे बारा नावं. पुण्याच्या जावयाचं येगळं. अन् आमी पन्नास जनी मिळून एक.’

मला काही सुचेना. तिनं पदराची गाठ सोडली, आतून काहीतरी काढलं आणि पितळी वाटीत टाकलं. टक्क असा आवाज झाला. पिवळा, मुरमाचा, एका बाजूनं सपाट.

‘माह्या दाताखाली आला,’ ती म्हणाली. ‘मी वरडली नाही.’